ऊद आणि ऊदु

आमी नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे साबणाचे फुगे. जन्मभर बाजारहत्नूरच्या मातीत राबलो, अन् शेवट झाला निळीच्या पाण्यात.

नातीला तिसरं वरीस लागलं तरी ती बोलत नव्हती. तिचे मायबाप निर्मलला नोकरीवर, पोरगी आमच्यापाशी. म्हातारीला एकच ध्यास, पोरीच्या तोंडून 'आजी' ऐकायचं. तेव्हा आमचं गाव आंध्रात होतं, तेलंगणा मागून झालं. अंगणवाडीची बाई तेलुगू. तिनं पोरीचे ओठ पाहिले अन् म्हणाली, "रोज ऊदु, ऊदु. मग बोलते." म्हातारीनं बाजारातून ऊद आणला अन् पोरीला दोन्ही वेळ धुरी द्यायला लागली. बोलायचं राह्यलं बाजूला, पोरगी खोकायला लागली.

"खोकते म्हंजे आवाज तर फुटला!" म्हातारी म्हणे.

एक दिवस बाई घरी आली अन् धूर पाहून तिनं कपाळावर हात मारला. ऊदु म्हणजे त्यांच्यात फुंक! पोरीनं साबणाचे रंगीत फुगे फुंकायचे, कागदावर फोडायचे, त्यानं ओठाला बळ येते, बोटं चालतात.

त्या दुपारी म्हातारीनं वाटीत साबणाचं पाणी केलं, त्यात कपड्याची नीळ टाकली. नळीला पपईच्या पानाचा देठ. म्हातारी "ऊदु, ऊदु" म्हणे, पोरगी फुंकायच्या जागी ओढायची, तोंड निळं करून घ्यायची. म्हातारी फुगा काढून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ठेवी. फुटला की निळं कडं उमटे.

"अवं, तुमी बी फुंका ना. काऊन दगडासारखे बसले?"

फुंकलो. विडीनं खाल्लेली छाती. फुगा माझ्याच मिशीवर फुटला. पोरगी खदखदून हसली.

"म्हण, आजी."

पोरगी नुसती हसली.

"उद्या म्हणन," म्हातारी म्हणाली.

संध्याकाळी म्हातारी चुलीपुढं बसली ती कलंडली. बोथहून डॉक्टर येईस्तोवर त्याला पाहायला काही उरलं नव्हतं.

सकाळी अंगण माणसांनी भरलं. तिच्या उशाशी दिवा, बाजूला ऊद धुमसत होता. तिनंच पोरीसाठी आणलेला. पोरगी माणसांच्या पायांतून वाट काढत आली, दिव्यापुढं उकिडवी बसली, म्हणाली, "ऊदु." ओठांचा चंबू केला अन् फू! दिवा गेला.

बायका ओरडल्या. माझ्या बहिणीनं पोरीचा दंड धरला. "अपशकुनी कार्टी! दादा, पाहून काय राह्यला?"

पोरीचा पहिला शब्द, तोही तेलुगू. अन् जिला ऐकायचा होता ती आडवी पडलेली.

बहिणीचा हात सोडवला. काडी ओढून दिवा लावला. मग कोनाड्यातली कालची वाटी काढली अन् देठ पोरीच्या हाती दिला.

"बाबा, उशीर होऊन राह्यला," तिरडी बांधणारा म्हणाला.

"होऊ दे. म्हातारीला काय घाई आहे आता?"

अन् मी पोरीपुढं कॅलेंडर धरलं. म्हणलो, "ऊदु."