चांगल्या डोळ्यावरची पट्टी

माझं इस्त्रीचं दुकान आणि रफूमास्तरांचं दुकान यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत आहे. भिंत कसली, आडोसाच तो. पलीकडे कात्री खाली ठेवली तरी मला ऐकू येतं आणि मी शिंकले की मास्तर तिकडून औषध घेतलं का म्हणून विचारतात. त्यामुळे या गोष्टीतलं निम्मं मी कानांनी पाहिलेलं आहे. उरलेलं निम्मं मास्तरांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी सांगितलं, आणि वहिनींना पदरचं घालून सांगायची सवय नाही. ती सवय मला आहे, पण इथे गरज पडणार नाही.

मास्तर रफू करतात. कोटाला सिगारेटने भोक पडलं, स्वेटर कसरीने खाल्ला, की लोक त्यांच्याकडे येतात. ते त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढतात आणि भोकावर एकेक करून विणत बसतात. गिऱ्हाईक कोट हातात घेऊन तीनतीनदा उलटापालटा करतं, भोक कुठे होतं ते सापडत नाही, आणि मास्तर मान खाली घालून हसतात. माणूस स्वभावाने लोण्याचा गोळा. त्यातून मुलगी उशिरा झालेली, एकुलती एक. लहानखुरी, गोल चेहऱ्याची, म्हणून सगळे तिला बटण म्हणायचे. वहिनींची बेकरीत दुपारची पाळी, तेव्हा शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत बटणबाईंचा मुक्काम बापाच्या दुकानात.

सहा वर्षांची पोर सुईत दोरा ओवायची, आणि तेही डावा डोळा गच्च मिटून, अगदी मुरलेल्या कारागिरासारखी. मास्तर स्वतः दोरा ओवताना एक डोळा मिटतात, त्यांचे वडीलही मिटायचे. मग काय विचारता! येईल त्या गिऱ्हाइकाला थांबवून दाखवायचे. "बघा, शिकवलं नाही हो कोणी. रक्तातच आहे." मीही पलीकडून येऊन कौतुक करून गेले होते. पोर चित्र काढताना डोळा मिटायची, पुस्तक बघताना मिटायची, तेही आम्हाला गोडच वाटायचं. दुसऱ्या कोणाच्या घरात आईबापांनी विचारलं असतं, की बाई, तू सारखा डोळा का मिटतेस? रफूवाल्याच्या घरात तिला शाबासकी मिळाली.

एका रविवारी वहिनी तिला न्हाऊ घालत होत्या. साबणाचा फेस उजव्या डोळ्यात गेला, तो तिने मिटला आणि विचारलं, "आई, तुझं तोंड कुठे गेलं?"

वहिनींना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी डोळा धुतला, पोरीचं अंग पुसलं आणि तिच्या उजव्या डोळ्यावर तळवा धरून समोर कंगवा धरला. बटण म्हणाली, काहीतरी लांबट आहे. तळवा डाव्या डोळ्यावर नेला, तर कंगव्याचा एक दात तुटलाय हेही तिने सांगितलं. वहिनींनी हे पुन्हा करून पाहिलं, मग आणखी एकदा, आणि मग त्या ओल्या स्टुलावरच बसल्या.

मास्तर ऐकायलाच तयार नव्हते. माझी पोर समोरच्या गल्लीतल्या पाटीवरचा फोन नंबर वाचते, म्हणाले. वहिनी म्हणाल्या, एका डोळ्याने वाचते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण शांत. त्यांनी समजावून सांगितलं की डावा डोळा आजारी नाही, पण त्याचा नंबर फार मोठा आहे. त्याच्याकडून येणारं चित्र सदा पुसट, म्हणून मेंदूने ते बघणंच सोडून दिलंय. आता दिवसभर चष्मा, आणि शाळेतून आल्यापासून संध्याकाळपर्यंत उजव्या डोळ्यावर चिकटपट्टी. पट्टी असताना तिला जवळचं, बारीक काम द्यायचं. हे वय आहे तोवर डोळा शिकेल, मोठी झाल्यावर फार अवघड जाईल. माझं काम एवढंच, पुढचं सगळं घरी आईबापांनी करायचं, असं त्यांनी बजावलं.

मास्तरांच्या डोक्यात ते काही बसेना. ते म्हणाले, "मॅडम, ठिगळ फाटलेल्या जागी लावतात. तुम्ही धडक्या कापडावर लावताय."

डॉक्टरीणबाई हसल्या. "तुमच्याकडे दोन कारागीर आहेत असं समजा. एक सगळं काम उरकतो आणि दुसरा झोपा काढतो. पहिल्याला घरी बसवल्याशिवाय दुसरा उठेल का?"

हे मास्तरांना पटलं, पण पटणं वेगळं आणि निभावणं वेगळं. पहिल्याच दिवशी पट्टी लावल्यावर बटण स्टुलावर आपटली. दुसऱ्या दिवशी तिच्या हातून बटणांचा डबा सांडला. मग ती एका जागी बसून रडायला लागली, "बाबा, मला दिसत नाही. बाबा, काढा ना." आता जन्मदात्याने हे कसं ऐकायचं? चार दिवस त्यांनी दम धरला. पाचव्या दिवशी मला पलीकडून ऐकू आलं, "काढ बाई. जरा वारा लागू दे डोळ्याला." तेव्हापासून तो रिवाजच पडला. पट्टी निघायची, पोर हसायची, आणि वहिनी यायच्या आधी नवी पट्टी चिकटायची.

मी एकदा मास्तरांना टोकलं, की अहो, हे लाड महागात पडतील. ते म्हणाले, "ताई, तुमची इस्त्री बाजूला ठेवा आणि तिचं रडणं एकदा नीट ऐका." मी ऐकलं होतं, म्हणून परत इस्त्रीला लागले.

दोन महिन्यांनी तिघं तपासणीला गेली तर डावा डोळा होता तिथेच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पट्टी रोज असते ना? वहिनी म्हणाल्या, रोज. मास्तर भिंतीवरचा तक्ता बघत बसले. वहिनींना काही माहीत नव्हतं, आणि लपवायची अक्कल पोरीला नव्हती. बटण म्हणाली, "दुकानात नसते. दुकानात बाबा सुट्टी देतात."

घरी आल्यावर पोर झोपली तेव्हा वहिनींनी मास्तरांना विचारलं, "उद्या मोठी होऊन ती म्हणाली, माझा हा डोळा कशाने गेला, तर काय सांगायचं? बाबांना तुझं रडणं बघवलं नाही म्हणून गेला?"

मास्तरांनी त्या दिवशी जेवण टाकलं, असं वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या दुकानात निराळाच माणूस बसायला लागला. बटण शाळेतून आली की मास्तर स्वतःच्या हाताने पट्टी लावायचे आणि तिच्यापुढे बटणांचा डबा ठेवायचे. दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे. तिने सगळी बटणं जमिनीवर उधळली. मास्तरांनी गोळा करून परत पुढे ठेवली. तिने पुन्हा उधळली. रडून झालं, पोट दुखून झालं, मग ती तरातरा माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, तू काढ." मास्तर दारात येऊन उभे राहिले. "ताई, हात लावायचा नाही." या माणसाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी मुकाट्याने शर्टाच्या कॉलरवर पाणी मारलं.

मग बटणबाईंनी बापाशी बोलणंच टाकलं. तहान लागली तर माझ्या दुकानात येऊन सांगायची, "मावशी, बाबांना सांग मला पाणी पाहिजे." मी भिंतीवर टकटक करायची, मास्तर पेला भरून आणायचे, ती पाठमोरी पाणी प्यायची. मास्तरांचं कामातलं लक्ष उडालं होतं. एका कोटाचं विणलेलं सगळं उसवून त्यांना पुन्हा बसावं लागलं. मला त्यांची दया यायची आणि हसूही यायचं. त्या आठवड्यांत एकदाही पट्टी निघाली नाही, हे मात्र मी छातीठोक सांगते. माझ्या कानांना दुसरा उद्योग नव्हता.

हळूहळू रडणं कुरकुरीवर आलं. आधी ती बटणं बोटांनी चाचपून लावायची. मग एक दिवस बघितलं तर नुसती बघून लावत होती, नाक डब्यात घालून का होईना. पुढे काळा दोरा आणि गडद निळा दोरा वेगळे करायला लागली, जे मला माझ्या चष्म्यातूनही धड जमत नाही. मास्तरांनी ते पाहिलं, पण या खेपेला गिऱ्हाइकांना थांबवून दाखवलं नाही. त्यांना आता कौतुकाची भीती बसली होती.

पुढच्या तपासणीला मीही त्यांच्याबरोबर गेले, मला नवीन चष्मा करायचा होता. बटणचा उजवा डोळा झाकला आणि ती तक्ता वाचायला लागली. वरचं मोठं अक्षर, त्याखालची ओळ, मग ती ओळ जिथे मागच्या वेळी अडली होती. वहिनींनी माझा दंड धरला होता. बटण तिथे थांबली नाही. अडखळत, एक अक्षर चुकवत खालच्या दोन ओळी तिने वाचल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पट्टी अजून बरेच दिवस चालू ठेवावी लागेल, पण डोळा कामाला लागलाय.

मग त्यांनी खुर्ची बटणकडे वळवली. मोठ्यांना विचारून काही उपयोग नाही, हे त्या शिकल्या होत्या. "दुकानात सुट्टी मिळते का गं अजून?"

बटण इतके दिवस ही तक्रार साठवूनच बसली होती. "डॉक्टर, माझे बाबा फार वाईट आहेत. मी कितीही रडले तरी काढत नाहीत. पोट दुखलं तरी काढत नाहीत. एक दिवससुद्धा काढली नाही."

मास्तरांनी रुमाल काढला आणि आधी कपाळ पुसलं, मग सगळा चेहराच पुसला. वहिनी त्यांच्याकडे बघून हसल्या.

परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. बटण वहिनींच्या मांडीवर फुरंगटून बसलेली. जरा वेळाने मास्तर वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "ताई, ऐकलंत ना तुम्ही? एक दिवससुद्धा नाही, म्हणाली." मी म्हटलं, ऐकलं. आमचा स्टॉप यायच्या आत त्यांनी मला ते आणखी दोनदा ऐकवलं.