माझ्या मुलीच्या बासष्ट बहिणी

येवल्याच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागली आणि दादा, म्हणजे माझे वडील, माझी पत्र्याची ट्रंक टपावर चढवायला धावले. तेवढ्या वेळात आईने मला जे सांगायचं ते सांगून घेतलं. "कोनात लय मिसळू नको. पन येकटीबी ऱ्हाऊ नको." दोनच वाक्यं, आणि तीही एकमेकांच्या विरुद्ध. यांचा मेळ कसा घालायचा हे विचारायच्या आत कंडक्टरने घंटी मारली. मी सतरा वर्षांची होते, आमच्या घरातून येवल्याबाहेर शिकायला निघालेली पहिलीच. आई पहाटे उठून दादांच्या पैठणीच्या मागासाठी रेशमाच्या कांड्या भरून आली होती. तिच्या बोटाला हिरव्या रेशमाचा धागा चिकटला होता. खिडकीतून तिने माझा हात धरला तेव्हा तो माझ्या हाताला आला. बरेच दिवस मी तो वहीत ठेवला होता, मग कुठे गेला कोण जाणे.

नाशिकला पंचवटीतल्या एका बोळात आमचं मुलींचं हॉस्टेल होतं. खोली नंबर सात. सहा खाटा, एक आरसा, एक खिडकी आणि खिडकीखाली दिवसभर भाजीवाल्यांचा कलकलाट. खोलीवर राज्य सुशीलाताईचं. ती निफाडकडची, आमच्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि आवाज असा की तिने नुसती खिडकी उघडली तरी खाली मेथीची जुडी स्वस्त व्हायची. पहिल्याच संध्याकाळी तिने आम्हां नव्या मुलींना ओळीने उभं केलं आणि खोलीचे नेम ऐकवले. पाणी नव्यांनी भरायचं. आरशासमोर पाच मिनिटांच्या वर थांबायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नेम डब्याचा. जिच्या घरून डबा येईल तिने तो मधे ठेवायचा, बाकीच्यांनी खायचा, पण तिने स्वतः त्यातला घाससुद्धा घ्यायचा नाही. तिने इतरांच्या डब्यातलं खायचं. आणि हे घरी सांगायचं नाही. खोलीतलं खोलीत. आम्ही देवाच्या फोटोपुढे हात धरून तशी शपथ घेतली.

असला चमत्कारिक नेम कशासाठी, ते महिन्याभराने कळलं. आमच्यातली रुक्मिण सुरगाण्याच्या बाजूची. तिचे आईवडील मजुरीला परगावी असायचे, तिला डबा यायचाच नाही. सगळ्याच जणी दुसरीच्या आईच्या हातचं खायच्या म्हटल्यावर रुक्मिण वेगळी पडायची नाही. आणि आयांना हे कळलं असतं तर एखादीने कळवळून तिच्यासाठी निराळी पुडी बांधून आणली असती. तेच सुशीलाताईला नको होतं.

हे सगळं ठीक, पण दिवाळीच्या तोंडावर आई पहिल्यांदा खोलीवर आली. बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. माझ्या खाटेवर बसून तिने डबा उघडला आणि म्हणाली, "खाय." चार महिने मी तिच्या हातचं खाल्लं नव्हतं. मी म्हणाले, "माझं पोट भरलंय. यांना दे." पोरींनी पाच मिनिटांत डबा चाटूनपुसून साफ केला. आई माझ्याकडे बघत होती. "आवडलं न पोरींना? मंग झालं," एवढंच बोलली आणि दुपारच्या गाडीने परत गेली. मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले.

त्यानंतर आई खोलीवर आलीच नाही. दादांच्या अक्षरातलं पोस्टकार्ड यायचं, "आई रविवारी दहाच्या गाडीने येते आहे. सीबीएसवर ये." मी पंचवटीहून तंगडतोड करत स्टँडवर जायचे. तिथल्या बाकड्यावर ती फडक्यातली भाकरी सोडून आधी मला खायला लावायची, मग खोलीसाठी मोठा डबा हातात द्यायची आणि लगेच परतीची गाडी धरायची. मला वाटायचं, तिला माझ्या खोलीचा राग आलाय. विचारायचा धीर तेव्हाही झाला नाही आणि पुढे तीस वर्षांतही झाला नाही.

आता मी इंदिरानगरमध्ये राहते, शाळेत भूगोल शिकवते. माझी एकुलती एक लेक केतकी दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत गेली. विमानतळाच्या काचेच्या दारात, मागून ट्रॉल्या अंगावर येत असताना, मी तिला काय सांगावं? "कुणात फार मिसळू नकोस. पण एकटीही राहू नकोस." शब्द तोंडातून गेले आणि मला स्वतःलाच हसू आलं. केतकीने मात्र त्यातला दुसरा अर्धा भाग फारच मनावर घेतला.

तिने सोरोरिटीत प्रवेश घेतला. माझ्यासारख्या अडाण्यांसाठी सांगते. तिकडच्या कॉलेजांत मुलींची मंडळं असतात त्यांना सोरोरिटी म्हणतात, मुलांची असतात ती फ्रॅटर्निटी. मंडळाचं नाव ग्रीक अक्षरांचं. ग्रीस कुठे आहे हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला नकाशात दाखवते, पण त्या देशाचा या मुलींशी काय संबंध हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मंडळाचं स्वतःचं मोठं घर असतं. मुली तिथे एकत्र राहतात आणि एकमेकींना बहीण म्हणतात. केतकीला एका झटक्यात बासष्ट बहिणी झाल्या. त्यातही एक मॅडिसन नावाची थोरली नेमून दिलेली, तिला म्हणायचं बिग. केतकी तिची लिटल. मॅडिसनची जी बिग, ती केतकीची ग्रँड-बिग. मी एका संध्याकाळी कागदावर हा वंशवृक्ष काढायला बसले तर सुहास, माझा नवरा, चहा पीत म्हणाला, "आपलं स्थळ कुठे आलं यात? आपण बहुधा सोयरे."

त्याला सगळ्याचं हसू येतं. मला येत नाही, कारण ई-मेल मला येतात. "प्रिय सोरोरिटी-कुटुंबांनो" अशी सुरुवात, मग कुटुंबांसाठी पोर्टल, कुटुंबांसाठी वीकएंड, कुटुंबांसाठी टी-शर्ट. टी-शर्ट खरोखर घरी आला. छातीवर तीन ग्रीक अक्षरं आणि खाली इंग्रजीत 'मॉम'. मी आई आहे हे छातीवर लिहून हिंडायचं माझं वय आहे का? सुहास तो घालून सोसायटीत गाडी धुतो.

एकदा पालकांसाठी झूम मीटिंग होती, आपल्याकडे पहाटे साडेपाचला. मी केस विंचरून, चांगला कुर्ता घालून बसले. एकेक आई डोळे पुसत सांगत होती की माझ्या मुलीला इथे दुसरं घर मिळालं. माझी पाळी आल्यावर मी विचारलं, "बासष्ट मुलींना बाथरूम किती?" सगळ्या खूप गोड हसल्या, उत्तर कुणीच दिलं नाही. मग कळलं की त्या घरात एक हाऊस मॉम असते. मुलींवर देखरेख ठेवायला पगारी बाई, आणि तिच्या हुद्द्याचं नावच आई. आई ही जागा अर्ज मागवून भरतात हे माझ्या ऐकिवात नव्हतं.

इथवर मी चिडत होते, पण चालवून घेत होते. बिनसलं ते चटणीवरून. आमच्या एका ओळखीच्या बाई तिकडे निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर मी शेंगदाण्याच्या चटणीची चार पाकिटं धाडली. आईच्या हातची कृती, खलबत्त्यात कुटलेली. आठवडा झाला तरी पोरीची पोचपावती नाही. ते दिवस नव्या मुली निवडण्याचे, त्या आठवड्यात म्हणे फोन जमा करून ठेवतात. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. मी ताटाचा फोटो पाठवला, त्याच्यावर दोन दिवस एकच टिक. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"चटणी खाल्लीस?"

"आई, घरात शेंगदाणा आणायला बंदी आहे. हाऊस मॉमने पाकिटं बाहेरच ठेवायला लावली."

शेंगदाण्याला बंदी! मी विचारलं, कशासाठी? म्हणाली, एका मुलीला सोसत नाही, जिवावर बेततं. मी विचारलं, कोणाला? म्हणाली, ते सांगता येत नाही. बरं, परवा पांढरे कपडे घालून तुम्हां सगळ्यांचा फोटो होता, तो कसला कार्यक्रम? तेही सांगता येत नाही.

"मी तुझी आई आहे, केतकी."

"आई, मी शपथ घेतलीय."

"मग त्या पगारी बाईलाच आई म्हण," असं मी बोलून गेले. तीर सुटल्यावर काय उपयोग! तिने फोन ठेवला. त्यानंतर बारा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सुहासला मेसेज यायचे, "मी ठीक आहे, आईला सांग." एवढं. मी वर्गात मुलांवर ओरडत होते, घरी भांडी आपटत होते. पोर माझ्या हातून सुटली, असं मला खरंच वाटायला लागलं होतं.

तेराव्या दिवशी रविवार होता. मी येवल्याची गाडी धरली आणि आईपुढे जाऊन बसले. दादा आता नाहीत. माग धाकटा भाऊ चालवतो. आईच्या डोळ्यांना नीट दिसत नाही तरी अंदाजाने कांड्या भरते. मी तिला सगळं सांगितलं, ग्रीक अक्षरांपासून चटणीपर्यंत. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल. तिने कांड्या भरायचं चाक थांबवलं.

"म्हंजी तुज्या खोलीवानीच की."

मी म्हणाले, "माझ्या कुठल्या खोलीसारखं?"

"डबा मधी ठेवायचा अन् आपन खायचा नाय. ती सिन्नरची ठेंगनी पोर व्हती न, कमल? नळावर पानी भरीत व्हती. मी खाली उतरले तर माज्या मागं पळत आली. म्हनली, मावशी, रुसू नका, तिला खाता येत नाय, खोलीचा नेम हाय, सुरगान्याच्या पोरीला डबा येत नाय म्हनून."

तीस वर्षं. मी विचारलं, "तुला माहीत होतं तर मला बोलली का नाहीस?"

"तू शपथ घेतली व्हती. मी बोलले आस्ते तर तुला खोटं तरी बोलावं लागलं आस्तं, न्हायतर शपथ तरी मोडावी लागली आस्ती. अन् त्या सुरगान्याच्या पोरीसाठी केलेला नेम, तो म्या मोडायचा?" तिने पुन्हा चाक फिरवलं. "खोलीत खायचं नाय असा नेम व्हता. स्टँडवर खायचं नाय असा थोडाच व्हता? म्हनून तुला स्टँडवर बोलवीत व्हते."

मला रडू आलं. एवढी वर्षं मी समजत होते की आई माझ्या खोलीवर रुसली आहे. खरं म्हणजे दर रविवारी दोन-अडीच तास गाडीत हादरे खाऊन ती यायची, ते मला तिच्या हातचे चार घास मिळावेत आणि माझा नेमही राहावा म्हणून. आणि मी त्या बाकड्यावर बसून, चालून पाय दुखले म्हणून कुरकुरत भाकरी खायचे.

परतीच्या गाडीत मी केतकीला मेसेज लिहायला घेतला. तीनदा लिहिला, तीनदा पुसला. माफीचा मजकूर मला जमत नाही, ते आमच्या घरात कुणालाच जमत नाही. शेवटी लिहिलं, "तुमच्या घराबाहेर बसायला बाकडं आहे का?" तिचा दिवस नुकताच उजाडत होता. थोड्या वेळाने उत्तर आलं, "आहे. का?"

मी लिहिलं, "चटणी टाकून दिलीस का?"

"नाही. एका मैत्रिणीकडे ठेवलीय, ती या घरातली नाही."

"मग ती बाहेर बाकड्यावर बसून खात जा. नंतर साबणाने हात धू, चूळ भर, आणि मगच आत जा. तुमच्या त्या मुलीला सांभाळा. तिचं नाव मला नको. आत काय होतं तेही मी आता विचारणार नाही."

पाच मिनिटांत तिचा फोन आला. गाडीच्या खडखडाटात मला निम्मं ऐकू आलं नाही आणि उरलेलं निम्मं तिने रडण्यात घालवलं. मी शेजारच्या बाईला सांगितलं की मुलगी आहे, अमेरिकेत असते. त्या म्हणाल्या, "जेवनखान नीट मिळतं का तिला?" मी म्हणाले, मिळतं.

ई-मेल अजून येतात आणि मी अजून चिडते. बासष्ट मुलींना बाथरूम किती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. माझ्यासारख्या गावाहून आलेल्या बायका भेटल्या की विचारतात, आता तुझं घर कोणतं, येवल्याचं की इंदिरानगरचं? पूर्वी मला उत्तर सुचायचं नाही. आता मला सीबीएसवरचं ते बाकडं आठवतं. आणि रविवारी सकाळी, आपल्याकडे संध्याकाळ असते तेव्हा, केतकी फोन उभा करून ठेवते आणि पावावर चटणी पसरून माझ्यासमोर बसून खाते. मागे ते मोठं घर दिसतं, त्याच्या दारावर ती तीन अक्षरं. खाऊन झालं की ती हात झटकते, म्हणते, "आई, आता आत जाऊ?" आणि मी म्हणते, "जा. हात धू."