विलायतेला दोन नावं चालत नाहीत

लातुरात आमचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत पोरीच्या बापानं भांडी घेतली की त्यांवर मशीननं नाव टाकून देणं हे माझं काम. आजवर कितीतरी बायकांची नावं मी स्टीलवर टाकली आणि एकीचंही चुकलं नाही. त्यामुळे माझ्याच बायकोच्या नावाचा घोटाळा झाला तेव्हा गल्लीला जरा जास्तच आनंद झाला.

मूळ आमच्या लग्नातच आहे. बायको बिलोलीची, आणि तिचं माहेरचं नाव नेमकं माझ्या आईचं. एका घरात सासू आणि सून एकाच नावाच्या कशा चालतील? सुनेवर ओरडायचं म्हटलं तरी थोरलीचा अपमान. मग ताटात तांदूळ पसरले आणि आत्यानं सुचवलेलं नवं नाव मी अंगठीनं लिहिलं. नवरीला कुणी विचारलं नाही. मीही नाही. तिनं माहेराहून आणलेल्या भांड्यांवर जुनंच नाव होतं, ती सगळी आपोआप आईची झाली. माझ्या वडिलांनी मतदार कार्डावर नवं नाव चढवलं. बायकोनं पुढं दहावीच्या सनदेवरून आधार आणि पासपोर्ट काढले ते जुन्या नावानं. "कागदावर तरी माझं राहू द्या," म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

साथीच्या दिवसांत नगरपालिकेच्या शाळेत लसीसाठी रांग लागली. आमचा नंबर जवळ आला आणि हिला आठवलं की आधार घरीच राहिलं. "थांबा, कपाटातून घेऊन येते," म्हणाली. मी आधीच तापट, त्यात उन्हात दीड तास उभा. माझ्या खिशात तिचं मतदार कार्ड होतं, तेच टेबलावर ठेवलं. "सुई दंडात टोचतेत, नावात न्हाई," असं मी मोठ्यानं म्हणालो. रांग हसली, आणि मी स्वतःवर खूश झालो. दुसरी लसही त्याच नावावर घेतली.

लेक आमची विलायतेत असते. तिचं पहिलंच बाळंतपण होतं, नवराबायको दोघंच, हाताखाली कुणी नाही. बंद सरहद्दी उघडल्याबरोबर आम्ही बायकोचं तिकीट काढलं. निघायला आठ दिवस उरले असताना लेकीनं आईच्या लसीचं प्रमाणपत्र मागवलं आणि ते बघून लगेच फोन केला.

"बाबा, ही बाई कोण आहे?"

"तुझी आई हाय की."

"इथल्या नियमाला नाही ना ती. पासपोर्टावरचं नाव आणि हे नाव एकच पाहिजे. नाहीतर लस घेतलीच नाही असं धरतात. आईला दहा दिवस एका खोलीत बंद राहावं लागेल, आणि माझी तारीख त्याच्या आतली आहे." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. रडत असावी.

बायकोनं शेजारी बसून सगळं ऐकलं. ती डिंकाचे लाडू वळत होती. त्या दिवशीचे लाडू असे वळले गेले की फोडायला बत्ता लागला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी कॉम्प्युटर सेंटर गाठलं. ते चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, नाव दुरुस्त होतंय, पण एकदाच. चुकलं तर मग मला न्हाई जमायचं."

मी दुकानदार माणूस. म्हणालो, "दोन्ही नावं टाका की. एक न्हाई तर दुसरं कामी येईल."

"दोन्ही न्हाई चालत. खरं कोणतं, ते सांगा."

"दोन्ही खरीच हायत."

"पासपोर्टावर कोणतं हाय?"

पासपोर्ट मी घाईत घरीच विसरलो होतो. नाव मात्र पाठ होतं, नसायला काय झालं? पण तोंडातून निघेना. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी ते नाव माझ्या लेखी आईचंच. माझ्या मागं चार माणसं उभी, बाईंची बोटं कीबोर्डवर थांबलेली, आणि मी आपला खाकरतोय.

तेवढ्यात ऑटोतून बायको उतरली. पासपोर्ट तिच्या पदराखाली. माझ्यावर तिचा किती भरवसा आहे ते यावरून समजावं.

"काय करून राहिले तुम्ही? उठा तिथून," म्हणाली आणि खुर्चीवर बसली. बाईंना नाव सांगितलं, एकेक अक्षर सांगितलं. पडद्यावर ते उमटल्यावर दोनदा वाचलं. मग बोट लावून तिसऱ्यांदा वाचलं. एवढा वेळ तिला स्वतःकडे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली. सरळच सांगतो, लाज वाटली.

निघायच्या दोन दिवस आधी नवं प्रमाणपत्र आलं. पुढं सगळं नीट झालं. तिकडच्या साहेबानं कागद पाहून हिला सोडलं, चौथ्या दिवशी नात झाली, आणि हिनं तिला पहिली आंघोळ घातली. पण मला आठवतं ते हैदराबादच्या विमानतळाचं दार.

आत फक्त प्रवाशांना सोडत होते. शेवटचं एकदा बघून घेऊ म्हणून मी तिच्या हातून कागदांची फाइल घेतली, प्रमाणपत्र पासपोर्टाशी ताडून पाहिलं, पासपोर्ट आणि तिकीट तिच्या हातात दिलं. ती ढकलगाडी घेऊन आत गेली, आणि प्रमाणपत्रासकट फाइल माझ्या काखेतच राहिली.

"अगं!" मी ओरडलो. पाचसहा बायका वळल्या. ही नाही. तोंडाला मास्क, पाठमोऱ्या सगळ्या सारख्याच. "अगं, थांब की!" पुन्हा दुसऱ्याच वळल्या. मी लग्नातलं नाव घेऊन हाक मारली. ती चालतच राहिली. ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, देव जाणे. शिपाई मला मागं सारायला लागला.

मग मी तिचं बिलोलीचं नाव घेतलं. घशाच्या शिरा ताणून घेतलं.

ती जागच्या जागी थांबली. गाडी तिथंच सोडून दारापाशी आली. शिपायानं हात बाजूला घेतला, मी फाइल दिली. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते.

"सासूबाईंना हाक मारली का मला?" तिनं विचारलं.

"तुला," मी म्हणालो.