दीड तास मागचं घड्याळ

चाचांना वेळ विचारली की एका उत्तरावर भागायचं नाही. ते आधी डाव्या मनगटाकडे बघायचे, मग उजव्या, आणि म्हणायचे, "इथले सात. मस्कतचे साडेपाच. तुला कुठले हवेत?"

डाव्या हातावर त्यांचं मोठं घड्याळ, आणि उजव्या हातावर बायकांचं, इवलंसं, पट्ट्याच्या शेवटच्या भोकात कसंबसं अडकवलेलं. नवी माणसं हसायची. तुम्हीही हसला असता. ते छोटं घड्याळ घेतलं त्या दिवशी दुकानात नसते, तर मीही हसले असते.

चाचा मस्कतच्या बंदरात क्रेन चालवायचे. दोन वर्षांनी दोन महिने घरी, असा त्यांचा संसार. मी लग्न होऊन रत्नागिरीत राजिवड्याकडे उतरणाऱ्या आमच्या आळीत आले, तेव्हा शेजारच्या घरात नवरा फोटोत असायचा आणि बायको परसात. आमच्या दोन परसांमध्ये कमरेएवढा दगडी गडगा. त्यावरून वाटीभर काही इकडचं तिकडे झालं नाही असा दिवस जात नसे. ताजा बांगडा कसा ओळखायचा हे चाचीने मला त्या गडग्यावरूनच शिकवलं. मी घाटावरची, मला तो बांगडा आहे एवढं ओळखता आलं तरी धन्य वाटायचं.

चाचीच्या मनगटावर चाचांनी पाठवलेलं चावीचं घड्याळ असायचं, डायल आतल्या बाजूला. ते कायम दीड तास मागे. मी शहाणपणा करून तिला एकदा म्हटलं, चाची, तुमचं घड्याळ मागे पडलंय. ती म्हणाली, "पडलं नाय, ठेवलंय."

ती मस्कतची वेळ होती. इथली वेळ बघायला भिंतीवर दुसरं घड्याळ होतंच. मासे साफ करायला बसली की ती मनगटावरचं काढून गडग्यावर ठेवायची आणि मध्येच मान वाकडी करून त्याच्याकडे बघायची. आता जेवायला बसले असतील, म्हणायची. आज जुम्मा, सुट्टी, आता कपडे धूत असतील. रमजानात इथला रोजा सोडून झाला की तासाभराने ती पुन्हा एक खजूर तोंडात टाकायची. तिकडे आता दिवस मावळला, रोजा सुटला, म्हणायची. पुढे मुलगाही बापाजवळ मस्कतलाच कामाला लागला, आणि चाचीला घड्याळ बघायला आणखी एक कारण मिळालं.

गंमत म्हणजे तिकडे चाचांच्या हातावरच्या घड्याळात रत्नागिरीची वेळ असायची. दोघं एकमेकांची वेळ बांधून बसलेले. मला तेव्हा हे वेडेपण वाटायचं.

चाची चार दिवसांच्या तापात गेली. चाचा पोहोचले तेव्हा दफन उरकलं होतं. पुन्हा ते मस्कतला गेलेच नाहीत. त्यांचं घड्याळ तेवढं इथे आल्याक्षणी बरोबर होतं, काटे फिरवावे लागले नाहीत. चाळिसावं झाल्यावर चाचीचे कपडे गोरगरिबांना देऊन टाकले. तिचं घड्याळ बहुधा त्यातल्याच कुठल्यातरी खिशात होतं. कुणाला बोल लावावा असं काही नव्हतं, आणि चाचांनी तो लावलाही नाही. फक्त गडग्याच्या दगडांमध्ये हात घालून काहीतरी चाचपताना ते मला दोनतीनदा दिसले.

वर्षभराने एका संध्याकाळी ते गडग्यापाशी आले. म्हणाले, "बाय, बाजारात चल जरा. एक चीज दाखवायची हाय."

बाजारात कपाटाएवढ्या दुकानात एक घड्याळजी बसतो. त्याच्या काचेखाली एक छोटं सोनेरी घड्याळ ठेवलेलं होतं. घड्याळजी माणूस सरळ. त्याने आपणहून सांगितलं की भंगारवाल्याकडून आलेल्या जुन्या घड्याळांच्या ढिगातून हे त्याने उभं केलंय. वरची डबी आणि पाठ जुनी, मूळचीच. डायल नव्याने रंगवलेली, काटे दुसऱ्याचे, काच नवी, चावी तर पुरुषी घड्याळाची. आतलं मशीनही निम्मं दुसरीकडचं.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "तिचंच हाय काय गो?"

मी म्हटलं, चाचा, तुम्हाला नाही कळत तर मला कसं कळणार?

"दिलं मी," ते म्हणाले. "पण बघलंस तू. मी रजेवर आलो की ती काढून ठेवायची. तिकडे कोण होतं मग?"

खरंच, ते रजेवर असले की चाचीचं मनगट मोकळं असायचं. ज्याच्यासाठी ती ते बांधायची, त्याने ते तिच्या हातावर कधी धड बघितलंच नव्हतं.

मी घड्याळ हातात घेऊन उलटंसुलटं केलं. चाचीच्या घड्याळाच्या काचेच्या कडेला हळदीचा पिवळा डाग होता, आकडे पुसट झालेले. हे तर नव्या नवरीसारखं नटलेलं. "हो, तिचंच" म्हणणं सोपं होतं, जिभेवर आलंही होतं. पण शिळ्या बांगड्याला ताजा म्हटलेलं चाचीने कधी खपवून घेतलं नव्हतं. मी म्हटलं, मला नाही सांगता येत.

मग चाचा रोज संध्याकाळी त्या दुकानाशी जाऊन उभे राहू लागले. घेत नव्हते आणि सोडतही नव्हते. आळीने सल्ल्यांचा पाऊस पाडला. ओरिजिनल नाही, त्याला काही मोल नाही, असं जो तो सांगून गेला. मुलगा फोनवर म्हणाला, अब्बा, मी नवीन पाठवतो. मोलाचं चाचांना काहीच नव्हतं. त्यांची भीती वेगळी होती, ती त्यांनी गडग्यावरून मला सांगितली. परक्या बाईचं घड्याळ तिचं समजून जपत बसलो तर ती वर काय म्हणेल?

शेवटी घड्याळजीने निरोप धाडला की दुसरं एक गिऱ्हाईक विचारतंय, काय ते सांगा. चाचा मला घेऊन गेले. घड्याळ तळहातावर ठेवून बराच वेळ बघत राहिले. मग माझ्यापुढे धरलं.

"ती बघायची कशी, ते तरी दाखव."

मी ते मनगटावर बांधलं, डायल आत करून. साडेसहा वाजले होते. माझ्याही नकळत मी चावी ओढली आणि काटे दीड तास मागे नेले. घड्याळजी म्हणाला, ताई, मी वेळ बरोबर लावलीय. मी मान वाकडी केली आणि चाची म्हणायची तसं म्हटलं, "आता कामावरून सुटले असतील."

चाचांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. एक रिक्षा गेली, मागून दुसरी गेली. ते वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"पाचालाच सुटायचो मी," ते म्हणाले, आणि घड्याळजीला, "देऊन टाका."

घरी येताना ते त्यांच्या उजव्या हातावर होतं. तिचं असो नसो, म्हणाले, पोरगा तिकडे एकटा हाय, त्याची वेळ बघायला घरात कोणतरी पायजे.

त्यानंतर चाचा रोज संध्याकाळी गडग्यापाशी यायचे. "आज काय सांगतेस?" असं विचारायचे. मी चाचीचं काहीतरी सांगायचे: ती कोलंबीवाल्याशी कशी भांडली, माझ्या पहिल्या बाळंतपणात तिने मला काय काय खायला घातलं. एकदा खजुराचंही सांगितलं. पुढच्या रमजानात रोजा सोडल्यावर तासाभराने ते ओट्यावर बसून एकटेच खजूर चघळताना दिसले.

यंदा चाचाही गेले. मुलालाही पोहोचायला उशीर झाला, बापाला झाला होता तसाच. परत निघताना त्याने बापाचं मोठं घड्याळ माझ्याजवळ ठेवलं आणि आईचं छोटं खिशात टाकलं. ते आईचं आहे की नाही, हे त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी परसात बांगडे साफ करत होते, तेव्हा त्याचा फोन आला. पोहोचलो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "मावशी, अम्मीचं घड्याळ इथे बरोबर चालतंय. फिरवावं लागलं नाही."

गडग्यावर चाचांचं घड्याळ ठेवलेलं होतं. त्यात दीड वाजला होता, म्हणजे तिकडे बारा. मी त्याला म्हटलं, बाबा, जेवायची वेळ झाली, जा, जेवून घे.