भाऊजींची बुटकी मोटार

माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घाचे मला चौथीतही कधी जमले नाही. चौथीनंतर शाळा सुटली, म्हणजे ते जमायची आशाही सुटली. तेव्हा जे चुकले असेल त्याची आधीच माफी मागते. हे कोणी वाचणार नाही हे मला ठाऊक आहे, पण माफी मागायची सवय लागली आहे. सून म्हणून घरात आले की पहिली तीच लागते.

लिहायचे आहे ते भाऊजींच्या मोटारीबद्दल. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्या गल्लीतले सगळे गिरणीच्या भोंग्यावर उठत आणि भोंग्यावर जेवत. भाऊजींनी मात्र मिसरूड फुटायच्या आधीच ठरवले होते की आपण भोंग्याचे ऐकणार नाही, आपण स्वतः भोंगा वाजवणार. म्हणून ते एका कापूस व्यापाऱ्याच्या लॉरीवर ड्रायव्हर झाले. सोलापूर ते टेंभुर्णी जात, तेलकट हातांनी परत येत आणि ते हात माझ्याच धुतलेल्या टॉवेलला पुसत.

टेंभुर्णीला एका गोदामामागे त्यांना एक जुनी मोटार दिसली. तिच्यात कोंबड्या अंडी घालत. मालकाला ती नको होती आणि कोंबड्यांना हवी होती, तरी भाऊजींनी ती घ्यायची ठरवले. निम्मे पैसे त्यांच्याजवळ होते. बाकीचे साठ रुपये माझ्याजवळ होते, आणि हे त्यांना माहीत होते, कारण माझ्यासाठी पेठेतून खण-दोरा तेच आणत.

ते साठ रुपये मी हाताने चोळ्या शिवून जमवले होते. कोपऱ्यावरच्या शिंप्याने पायाचे नवीन मशीन घेतले होते आणि जुने हातमशीन तो मला साठला द्यायला तयार होता. "पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट बघतो बाई, मग दुसरं गिऱ्हाईक हाय," असे त्याने सांगितले होते. ते मशीन आले की दिवसाला एकाच्या जागी चार चोळ्या होणार होत्या. मी रात्री पडल्यापडल्या त्या मशीनचे चाक मनात फिरवीत असे.

भाऊजींनी पैसे मागितले ते सगळे जेवायला बसले असताना, माझ्या हातात भाकरीचे पीठ असताना.

"वैनी, साठ रुपये द्या. दसऱ्याला मोटार दारात, संक्रांतीला पैसे तुमच्या हातात."

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "दे की गं. घरातलाच हाय. डब्यात ठेवून रुपये काय पिल्लं घालत्यात व्हय?"

मी ह्यांच्याकडे पाहिले. हे गिरणीत कारकून. दिवसभर आकडे लिहून घरी आकड्यांशी बोलत नसत. "तुझं पैसं, तू बघ," एवढे म्हणून त्यांनी आमटीत भाकरी कुस्करली.

नाही म्हणायचे मला सुचते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी, भांडी घासताना. तोवर भाऊजी पैसे घेऊन टेंभुर्णीला गेले होते.

दसऱ्याला मोटार दारात आली हे खरे. लॉरीच्या मागे दोराने बांधून आली. सासूबाईंनी ओवाळले, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले. पण चाकाखाली लिंबू चिरडायला मोटार चालावी लागते. ती चालेना. शेवटी भाऊजींनी ते टाचेनेच चिरडले आणि शकुन झाला.

मोटार चालू करायला महिना गेला. तेवढ्यावर थांबले असते तर बरे होते. पण न्हाव्याच्या दुकानात भाऊजींनी एक चित्र पाहिले. साहेबाच्या देशातली शर्यतीची मोटार, जमिनीला पोट टेकलेली. त्या दिवसापासून त्यांना आपली मोटार उंच दिसू लागली.

"उंच मोटार म्हाताऱ्याची असती, वैनी. आपली बसकी पायजे. बघणाऱ्याला वाटलं पायजे की ही पळाली!"

उभी असतानाही पळाल्यासारखी दिसणारी मोटार. पळत असताना ती उभी असल्यासारखी दिसे, ते निराळे.

मोटारीच्या दुकानात ज्याला रुपया पडतो ते सगळे त्यांना चार आण्यांत हवे होते. म्हणून बैलगाड्यांचा सुतार आणला. छपराचे खांब दीड वीत कापायला सांगितले तेव्हा सुताराने करवत खाली ठेवली.

"मालक, हेच्यात माणसं बसणार का कोंबड्या?"

"तू काप."

"न्हाय, कोंबड्या आसतील तर आजून जरा खाली घेतो."

छप्पर खाली आले. आता बैठकही खाली घ्यायला हवी होती, पण त्याला नवीन स्प्रिंगा लागत आणि स्प्रिंगांना पैसे लागत. व्यापाऱ्याच्या गोदामात सांडलेला कापूस मात्र फुकट होता. भाऊजींनी तो बैठकीत ठासून भरला आणि वर एक चादर ताणून बसवली. बैठक फुगून वर आली. छप्पर खाली, बैठक वर. मधे जे उरले त्यात माणसाने बसायचे होते.

दिव्यांना काचा नव्हत्या, म्हणून माझ्या दोन पितळी वाट्या गेल्या. रंग जसा मिळाला तसा लागला: पुढून पोपटी, मागून निळा, आणि मधे रंग संपला म्हणून डांबर. सासूबाई ओसरीवर बसून बघत आणि म्हणत, "माझं लेकरू कलावंत हाय." शेजारीण म्हणाली, "व्हय की, पोळ्याच्या बैलापेक्षा लई नटीवलीया." सासूबाईंनी हे कौतुक म्हणून घेतले.

छपरावरचा कापडी टप शिवायचे काम माझ्याकडे आले. एका फाटक्या तंबूचे कापड होते. पन्हा पुरेना, म्हणून मधोमध जोड द्यावा लागला. ते कापड इतके जाड की सुया मोडत आणि बोटे सुजत. मशीन असते तर एका दुपारचे काम. मशीन का नव्हते, ते प्रत्येक टाक्याला आठवे.

मग भाऊजी लॉरी सोडून सात रस्त्याच्या चौकात भाड्याला उभे राहू लागले. तिथून स्टेशन, स्टेशनहून पेठ. पण आमच्याकडचे पुरुष डोक्याला पटका बांधतात आणि पटका डोक्यावरून काढायची त्यांना लाज वाटते. ह्या मोटारीत पटक्यासकट बसता येत नव्हते. जे बसले ते पटका तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन बसले आणि पुन्हा आले नाहीत. टांगेवाल्यांना तर सणच झाला. एक जण रोज घोड्याला चारा घालता घालता विचारी, "क्यों मियाँ, इसमें बैठना है कि सोना है?"

हे सगळे भाऊजीच घरी येऊन सांगत, म्हणून मला ठाऊक. फक्त ते सांगताना टांगेवाले मत्सराने जळतात असे सांगत.

संक्रांत आली. त्यांनी मला तिळगूळ दिला. मी हात तसाच पुढे ठेवला.

"आन् ते?" मी म्हणाले.

"ते काय?"

मी खाली बघितले. माझ्यापुरते तेवढ्यात बोलणे झाले होते, त्यांच्यापुरते नाही. शेवटी त्यांनाच आठवले. "हां, ते पैसं! धंद्यात गुतल्यात, वैनी. धंद्यातला पैका आसा काढत नसत्यात." आणि त्याच आठवड्यात जे दोन पैसे सुटले त्याचा त्यांनी नवा रबरी भोंगा घेतला, कारण जुन्याचा आवाज बायकी होता म्हणे. त्या भोंग्याला दहा भाड्यांची कमाई गेली. शिंप्याच्या दारावरून जाताना मी पदर पुढे ओढून घेऊ लागले.

उन्हाळा लागला आणि आमच्याच गल्लीत तेलाच्या घाण्याच्या मालकाच्या मुलाचे लग्न निघाले. परण्याला, म्हणजे नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला मिरवत न्यायला, घोड्याऐवजी मोटार हवी असे नवरामुलगा धरून बसला. भाऊजींनी ताबडतोब सुपारी घेतली. दहा रुपये. मी ऐकले आणि मनात म्हटले, ह्यातले पाच तरी माझे.

मोटार झेंडूच्या माळांनी सजली. हँडल मारून मारून चालू झाली. बायकांच्या घोळक्यात मीही ओवाळायला उभी होते. नवरदेव बाहेर आला आणि मी आधी त्याच्याकडे, मग मोटारीच्या छपराकडे पाहिले.

त्याच्या डोक्याला बाशिंग होते. आमच्याकडचे बाशिंग म्हणजे हातभर उंच, जरीचे, मोत्यांचे, वर तुरा. मामाने ते एकदा बांधले की अक्षता पडेपर्यंत सोडायचे नसते. सोडले तर त्याहून मोठा अपशकुन नाही. ज्या मोटारीत पटका मावत नव्हता तिच्यात भाऊजी बाशिंग बसवायला निघाले होते, आणि हे त्या क्षणापर्यंत त्यांच्या ध्यानात आले नव्हते. सुपारी देणाऱ्यांच्याही नाही. सगळ्यांनी मोटार पाहिली होती, नवरदेव पाहिला होता, दोन्ही एकत्र कोणी पाहिले नव्हते.

नवरदेवाने पाय आत टाकला. बाशिंग टपाला अडकले. मान तिरकी करून पाहिली, तर हातातल्या कट्यारीच्या टोकाला टोचलेले लिंबू आधार द्यायला वाकलेल्या भाऊजींच्या कानाला लागले. गुडघ्यावर बसवले, तर तो बाहेरून दिसेनासाच झाला.

नवऱ्याची आत्या ओरडली, "आगं बया, नवरदेव हाय का डालग्यातली कोंबडी?"

"बाशिंग वाईच सैल करूया का?" भाऊजी म्हणाले.

"हात लावून तर बघ!" मामा पुढे आला. "बाशिंग सुटणार न्हाय. सुटायचं तर तुझं दात सुटतील. घोडं आणा रं!"

वाजंत्री थांबली. कोणीतरी घोड्यासाठी पळाले. भाऊजींचे तोंड पांढरे पडले आणि माझे त्याहून, कारण घोडे आले की दहा रुपये गेले, आणि हे गल्लीभर झाले की पुढे कोणीच मोटार विचारणार नव्हते. मग पाऊस आणि मग शिंप्याचे ते दुसरे गिऱ्हाईक. मी बायकांतून सरकत भाऊजींच्या मागे गेले. दहा माणसांत बोलायचे म्हणजे माझा जीव जातो. मी त्यांच्या पाठीशी पुटपुटले, "मधला जोड उसवा."

"आँ?"

"टपाचा. मधला जोड. बाशिंग वर काढा."

भाऊजींनी एकदम छाती पुढे काढली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "थांबा! ह्या गाडीला वरनं सोय हाय! मुद्दाम करून घेतलीया! वैनी, ते जरा मोकळं करा."

मी पळत घरून कात्री आणली आणि चढून माझेच टाके कापले. ते कापताना मला फार वाईट वाटले असे नाही. नवरदेव बसला आणि त्याचे बाशिंग टपातून वर निघाले, तुऱ्यासकट. मोटार गल्लीतून निघाली तेव्हा नवरदेव दिसत नव्हता, नुसते बाशिंग मिरवत चालले होते. लोक गच्चीवरून, माडीवरून वाकून बघत होते. मारुतीपर्यंत पोरे मागे धावली. मामा म्हणाला, "घोड्यापेक्षा हे झ्याक!"

दुसऱ्या दिवसापासून सुपाऱ्या येऊ लागल्या. साऱ्यांना बाशिंग वर निघणारी मोटार हवी. भाऊजी सांगत सुटले की साहेबाच्या देशात नवरदेव असेच जातात. साहेब बाशिंग बांधतो का, हे त्यांना कोणी विचारले नाही.

पण लग्न नसेल त्या दिवशी टपाला भोक ठेवून चालत नसे. सोलापूरचे ऊन बसणाऱ्याच्या टाळूवर पडे, आणि टांगेवाले "मोटारीला टक्कल पडलं" म्हणत. म्हणून प्रत्येक लग्नानंतर जोड शिवायचा आणि प्रत्येक लग्नाआधी उसवायचा. एकदा त्यांनी घाईने स्वतः उसवला आणि वस्तऱ्याने कापडच चिरले. मग पुन्हा माझ्याकडेच आले.

तेव्हापासून माझी कात्री सापडेनाशी झाली.

"वैनी, वऱ्हाड खोळंबलंय!"

"बघते हो भाऊजी. कुठं गेली कुणास ठाऊक."

मी डबे उघडी, मडकी हलवी. पहिल्या वेळी त्यांना कळायला बराच वेळ लागला. मग त्यांनी पाच रुपये उंबऱ्यावर ठेवले आणि कात्री लगेच सापडली. त्यानंतर प्रत्येक लग्नाला तसेच.

सासूबाईंना हे आवडले नाही. "घरातल्या घरात पैसं घेतीस? सख्ख्या दिराकडनं?" मी कात्री पिठाच्या डब्यात परत ठेवली. मला बोलता कुठे येते?

खरे तर टपाला काजे करून गुंड्या लावल्या असत्या तर माझी गरजच उरली नसती. हे मला पहिल्याच दिवशी सुचले होते. पण मी लाजाळू. कोणी विचारले नाही, मी सांगितले नाही.

पावसाआधीच्या शेवटच्या मुहूर्ताला भाऊजी घाईत आले. बाहेर मोटार धडधडत होती, आभाळ भरून आले होते, नवरदेव बाशिंग बांधून वाट बघत होता. त्यांनी पाच रुपये ठेवले. नाणी हळदीने पिवळी झाली होती.

"बघा, वैनी. झालं का तुमचं?"

मी आधीचे सगळे आणून ओसरीवर ओतले. सासूबाई समोर बसल्या होत्या. हे कामावरून येऊन वहाणा काढत होते. बाहेर मामा की कोण तो ओरडत होता. मी एकेक रुपया उचलून मोजायला लागले, मनात नाही, मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असे. भाऊजी पायावर पाय बदलत उभे राहिले. मी घाई केली नाही. साठावा रुपया ठेवला आणि म्हणाले, "झालं. फिटलं सगळं."