होता तसा बिघडवून द्या : एका कॅमेऱ्यामागे वडनेर भोलजीपर्यंत

पत्र आलं त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोकं खाजवलं. "तुमी कॅमेरा दुरुस्त केल्यापासून जवळून काढलेला एक फोटो धड येऊन नाही राह्यला. रविवारी पुतणीचं लग्न हाये. येऊन पाहा, नाहीतर होता तसा बिघडवून द्या." खाली सही : सुखदेवराव, फोटोग्राफर, वडनेर भोलजी.

आता मला सांगा, दुरुस्ती करणाऱ्याला असं पत्र कधी कुणी लिहितं का?

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. पुण्यात माझं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं, पण खरा जीव अडकलेला जपानी रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत. जुन्या बाजारातून मोडके कॅमेरे उचलायचे, उघडायचे, चालते करायचे आणि कपाटात मांडायचे; कुणी आपला आणून दिला तर तोही दुरुस्त करायचा. ज्यांनी हा प्रकार हाताळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. याच्या खिडकीतून पाहिलं की मधल्या पिवळसर चौकोनात माणूस दुहेरी दिसतो. भिंगाची कडी फिरवत जायचं, दोन्ही आकृत्या एकमेकींवर नीट बसल्या की अंतर जुळलं, मग खटका दाबायचा.

सुखदेवरावांनी पुण्याला येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर कॅमेरा पाठवला होता तो फक्त अडकणाऱ्या खटक्यासाठी. मला मात्र आत दुसरीच खोड सापडली. माणूस आठ फुटांवर असला तर आकृत्या जुळूनही भिंग साडेनऊ फुटांवर लागायचं! मी एक बारीक स्क्रू फिरवून तेही बरोबर करून टाकलं. न विचारता, न सांगता, वर फुकट. केवढा मी शहाणा!

गुरुवारी निघालो. मनमाडला गाडी बदलली, भुसावळला पुन्हा बदलली. तिसऱ्या वर्गाचं तिकीट पंधरा रुपयांच्या आत आलं, पण भुसावळच्या पुढे सरकीच्या पोत्यावर बसूनच जावं लागलं. शुक्रवारी सकाळी नांदुऱ्याला उतरलो. स्टेशनाबाहेर कापसाच्या बैलगाड्यांची ही रांग. चहावाल्याला वडनेरची गाडी विचारली तर तो म्हणाला, "कोन्तं वडनेर? वडनेर लय हायेत." म्हणून सांगतो, जाणार असाल तर नाव पूर्ण घ्या, वडनेर भोलजी. तेव्हा एसटीने साठ पैसे आणि अर्धा तास लागला. आता मोठा हायवे आहे, नांदुऱ्याला रस्त्यालगत उंचच उंच हनुमानही उभा आहे. तेव्हा नुसता धुरळा होता.

सुखदेवराव स्टँडवर न्यायला आले होते. चाळिशीचे, उंच, पांढरा सदरा. मी समजत होतो आता भांडण होणार, पण ते माझी पिशवीच हातातून घ्यायला लागले. "प्रवासानं दमले असान. पयले जेवा. मंग कॅमेऱ्याचं पाहू."

घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागे स्वयंपाक. त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर, ठेचा आणि बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा वाढला. रस्सा इतका जहाल की नाकाडोळ्यांतून पाणी आलं. वच्छलाबाई हसू दाबत म्हणाल्या, "पुण्याच्या मानसाले गूळ द्या हो कोनी!"

जेवणानंतर सुखदेवरावांनी फोटो पुढ्यात टाकले. महिन्यापूर्वी एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न त्यांनी काढलं होतं. नवरीच्या पुढ्यातला तांब्या लख्ख, त्यावरची नक्षी मोजावी इतकी, आणि नवरीचं तोंड धुक्यात! एक नाही, सगळे जवळचे फोटो तसेच.

"तो मानूस सगळ्या गावात सांगत फिरून राह्यला," ते म्हणाले. "आता रविवारी माह्या मोठ्या भावाच्या पोरीचं लग्न. तेबी असंच आलं, तं मी दुकान बंद करतो अन् नांदुऱ्याले कापसाच्या जिनिंगमधी कामाले जातो. फोटोसाठी कोनी दुसऱ्यांदा लग्न लावत नाही, भाऊ."

मी पिशवीतून टेप काढली, कॅमेरा टेबलावर ठेवला, आठ फुटांवर वर्तमानपत्र टांगलं आणि आकृत्या जुळवून फोटो काढला. लगेच अंधाऱ्या खोलीत जाऊन धुतला. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. कॅमेरा शंभर टक्के बरोबर! मग सुखदेवरावांना वच्छलाबाईंचा फोटो काढायला लावला. कानातलं स्पष्ट नाही, नाक स्पष्ट नाही, पुढे धरलेलं सूप तेवढं स्पष्ट. तोच कॅमेरा, तीच खोली, तेच आठ फूट. मी पुन्हा काढला, चांगला आला. त्यांनी पुन्हा काढला, बिघडला. माझी मती गुंग झाली. संध्याकाळपर्यंत मी भिंग दोनदा उघडून बंद केलं आणि काहीही निष्पन्न झालं नाही.

शनिवारी सकाळी वच्छलाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. आमचं चौथ्यांदा तेच चाललेलं पाहून कंटाळून म्हणाल्या, "हे फोटो काढाच्या येळेले मांगं सरकतेत, तुमी सरकत नाही. त्यानं तं नसन होऊन राह्यलं?"

"मी? मी काऊन सरकू?" सुखदेवराव चिडले.

"आता मले काय मालूम काऊन! दहा वर्षं पाहून राह्यली मी."

मी जमिनीवर खडू घेऊन बसलो. "काढा फोटो." त्यांनी आकृत्या जुळवल्या, श्वास रोखला, आणि खटक्याच्या ऐन आधी उजवा पाय अलगद मागे गेला, त्याच्यामागे डावा. मी रेघ मारली. दहा वेळा काढायला लावलं. दहाही रेघा एकमेकींपासून बोटभर अंतरात पडल्या. पहिल्या जागेपासून टेप लावली. दीड फूट!

म्हणजे जुना कॅमेरा दीड फूट खोटं बोलायचा, आणि हा माणूस दीड फूट मागे सरकून ते खरं करायचा. पहिले कित्येक रोल वाया गेल्यावर त्याच्या पायांनी आपलं आपण शिकून घेतलं होतं आणि त्याला पत्ताही लागू दिला नव्हता. मी पुण्यात बसून कॅमेरा तेवढा सुधारला. पाय कोण सुधारणार?

तरी मी हट्टाला पेटलो. चांगला जुळलेला कॅमेरा मुद्दाम बिघडवायचा म्हणजे काय! त्यांच्या टाचांमागे विटा ठेवल्या, ते विटांवर अडखळले. पाठीमागे भिंत घेतली, तर त्यांचे खांदे आखडले. शेवटी म्हणालो, "सरकू नका एवढं फक्त लक्षात ठेवा." मग ते पायांकडेच बघत बसले आणि खटका दाबायचाच विसरले.

"भाऊ," ते अगदी हळू म्हणाले, "मले उद्यापर्यंत नवीन पाय कोठून येतीन?"

मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि माझीच दुरुस्ती उलटी फिरवली. हात चोरी करत असल्यासारखा वाटत होता, खरं सांगतो, लाज वाटली. आठ फुटांना साडेनऊ लागलं तसा थांबलो.

रविवारी दुपारी मांडवात बुद्धवंदना झाली. पांढऱ्या साडीतली पुतणी, नवरदेव, एकमेकांना हार घालणारे दोघांचे हात. सुखदेवराव जुळवायचे, सरकायचे, दाबायचे. मी मागे उभं राहून लोकांना त्यांच्या वाटेतून बाजूला करत होतो. कुणीतरी विचारलं, "हे पुण्याचे साहेब काय करून राह्यले?" वच्छलाबाई म्हणाल्या, "यायच्या पायासाठी जागा करून राह्यले."

पाहुणे जेवायला बसताच आम्ही पहिला रोल धुतला आणि छापायला घेतला. ओल्या कागदावर पुतणीचं तोंड वर आलं, पापण्यांसकट. सुखदेवरावांनी तो कागद उजेडात नेला, बराच वेळ धरला आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

पुण्यात परतलो तेव्हा वाटेतल्या खर्चासकट सारं मिळून चाळीसेक रुपये गेले होते आणि डोकं पार गोंधळलेलं होतं. मी काय करून आलो, दुरुस्ती की मोडतोड? तेव्हापासून कॅमेरा घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मी आधी माझाच फोटो काढायला लावायचो. लोक मला चक्रम म्हणायचे, म्हणू देत.

बऱ्याच वर्षांनी तोच कॅमेरा पार्सलने परत आला. सोबत वच्छलाबाईंची चिठ्ठी : "यायच्या डोळ्यात मोतीबिंदू हाये. आता दुकान मी चालवतो, फोटोबी मीच काढतो. माहे पाय जागच्या जागी राह्यतेत. तुमी पयले केला होता तसाच नीट करून द्या." मी तो स्क्रू तिसऱ्यांदा फिरवला, कॅमेरा बरोबर केला आणि पाठवून दिला. त्या दिवशी मला दिवसभर चैन पडलं नाही.

महिन्याभराने टपालाने एक फोटो आला. स्टुडिओच्या ओट्यावर, सावलीत, सुखदेवराव उभे. दाराच्या कडीवरचा गंज दिसतो, पाटीवरची अक्षरं दिसतात, उंबऱ्याच्या भेगा दिसतात. फक्त ते एकटे हललेले, चेहरा पुसट, सदरा पुसट. मागे वच्छलाबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं : "कॅमेऱ्याचा दोष नाही. मी खटका दाबला अन् हे मांगं सरकले. याच्यावर काही इलाज असन तं कळवा."

उलट टपाली मी कळवलं, "नाही. आणि शोधूही नका."