आबांना मी लावून दिलेली चांगली नोकरी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं पुढं मला मेल्याहून मेल्यासारखं होणार आहे. इतकी वर्षं हा किस्सा मी अर्धाच सांगत आले. अर्धा सांगितला की मी फार कनवाळू वाटते हो. आज पूर्ण सांगते.

दोन हजार सहा सालची गोष्ट. मी मूळची परभणीची, आणि हिंजवडीत एका आयटी कंपनीत एचआरला होते. एचआर म्हणजे काय, तर लोकांना ‘कसं चाललंय?’ विचारायचं आणि उत्तर यायच्या आत पुढच्या टेबलाकडं सरकायचं. मला ते झकास जमायचं. समोरच्याला काय हवंय ते त्याच्याआधी मला कळतं, असा माझा ठाम समज होता. आमच्या आईचाही स्वतःबद्दल हाच समज आहे, म्हणजे रक्तातच आलंय म्हणायचं.

आमच्या मागच्या गेटवर किसन आबा वॉचमन होते. साठीला टेकलेले, अंगात सिक्युरिटी एजन्सीचा दोन मापं मोठा निळा शर्ट. दुपारी गेटाशेजारच्या आंब्याखाली बसून भाकरी-ठेचा खायचे. आणि ड्यूटी संपली की त्या आंब्याच्या वाळक्या काटक्या गोळा करायचे, सुतळीनं बांधायचे आणि काखेत मारून घरी न्यायचे. आता तुम्हीच सांगा, माणसानं काय समजायचं? मी समजले, बिचाऱ्यांच्या घरी गॅससुद्धा नाही.

मग काय, माझी दया सुटली की मोकाट! थंडीत भावाचा जुना स्वेटर आणून दिला. आबांनी तो उलटापालटा करून बघितला, ‘बरा हाय’ म्हणाले आणि ठेवून घेतला. कँटीनमध्ये उरलेला पुलाव डब्यात भरून दिला, तोही घेतला. माणूस नाही म्हणत नाही, म्हणजे गरज आहेच, झालं माझं गणित पूर्ण.

त्यात वरून सर्व्हे आला. आपल्या कंपनीत लोक कामावर किती समाधानी आहेत, ते शोधून काढा म्हणे. साहेब लोकांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांचे फॉर्म भरायचे. फॉर्म इंग्रजीत, त्यामुळं वॉचमन आणि मावशींना आम्ही विचारायचं आणि आम्हीच खूण करायची. शेवटचा प्रश्न असा होता, की तुमच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं काय, पगार की कामातलं समाधान? एकावरच खूण करा.

आबांना विचारलं. आबा लगेच म्हणाले, “समाधान.”

“आबा, लाजू नका. खरं काय ते सांगा.”

“खरंच सांगतुया. पगार काय, येतो न् जातो.”

मला अगदी भरून आलं. गरिबी किती, आणि स्वाभिमान किती! हा माणूस मेला तरी पगार मागायचा नाही, आता ह्यांच्यासाठी मीच बोललं पाहिजे, असं मनाशी म्हणाले आणि सरळ पगारावर खूण केली. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण खाली शेरा लिहिला, ‘अत्यंत गरजू, जास्त पगाराच्या जागी पाठवावे.’ आणि फॉर्म पुढं करून म्हणाले, आबा, इथं सही करा. त्यांनी केली. काय लिहिलंय ते विचारलंही नाही हो. मी लिहिलंय म्हटल्यावर बरोबरच असणार, असं त्यांना वाटलं असेल.

त्या संध्याकाळी मी एजन्सीच्या सुपरवायझरला फोनसुद्धा केला. तो खूश झाला, कारण पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, खराडीच्या एका गोदामावर त्याला माणूस हवाच होता आणि पगार दीड हजारानं जास्त होता. चार दिवसांत आबांची बदली. इकडं माझा शेरा साहेबांनी मोठ्या मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवला. टाळ्या काय, कौतुक काय! मला ‘महिन्याची संवेदनशील कर्मचारी’ असं काचेच्या फ्रेमचं सर्टिफिकेट मिळालं. ते मी टेबलावर अशा कोनात ठेवलं की जाणाऱ्या-येणाऱ्याला वाचल्याशिवाय पुढं जाता येऊ नये.

आता एवढं पुण्य केल्यावर माणसाला धन्यवाद ऐकावेसे वाटणारच की नाही? आबा तर भेटेनात. मग एका रविवारी मीच एजन्सीकडून पत्ता घेतला, पाव किलो पेढे घेतले आणि सिक्स सीटर रिक्षानं हिंजवडीजवळच्या नेऱ्याला जाऊन उतरले.

पत्त्यावर एक तीन मजली पिस्ता रंगाची इमारत. खाली भाडेकरूंच्या मोटरसायकली, बाजूला कव्हर घातलेली चारचाकी. अंगणात एक काकू घेवडा निवडत बसल्या होत्या. मी मनात म्हटलं, मागं कुठंतरी पत्र्याची खोली असणार. अदबीनं विचारलं, इथं किसन वॉचमन कुठल्या खोलीत भाड्यानं राहतात?

“भाड्यानं?” काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “त्ये मालक हायेत. भाड्यानं बाकीची समदी ऱ्हात्यात.”

त्या आबांच्या बायको होत्या. मी कंपनीतून आले म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली, चहा टाकला आणि माझ्या हातातल्या पेढ्यांकडं बघून कसले म्हणून विचारलं. मी म्हणाले, असेच. दुसरं काय बोलणार? समोर गोठा होता, आणि गोठ्यातल्या वासराच्या अंगावर माझ्या भावाचा स्वेटर होता. बाह्यांमधून पुढचे पाय व्यवस्थित बाहेर काढलेले. म्हणजे गरज अगदीच नव्हती असं नाही, फक्त ती वासराला होती.

चहा उकळता उकळता काकूंनी सगळं सांगितलं. आमची कंपनी त्यांच्या रानात उभी होती. गेटाजवळचा आंबा त्यांच्या सासऱ्यांनी लावलेला. त्या आंब्याच्या काटक्या बंबात घातल्याशिवाय आबांना आंघोळ केल्यासारखं वाटायचं नाही. जमीन गेली, पैसा आला, इमारत झाली, पण ह्या माणसाचा पाय घरात ठरेना. नुसते भिंतीकडं बघत बसायचे. शेवटी सहा महिने एजन्सीवाल्याच्या मागं लागून त्यांनी ते गेट मिळवलं होतं.

“तितं उभं ऱ्हायलं की रानात उभं ऱ्हायल्यासारखं वाटतं म्हनायचे,” काकू म्हणाल्या. “चार वर्सं कसा खुशीत हुता मानूस. आन कुना सटवीनं कागदाव लिवलं, की ह्यांना पगार पुरत न्हाई!”

सटवी चहा पीत होती. सटवीला ठसका लागला.

मी चाचरत विचारलं, मग आबा ती नोकरी सोडून का देत नाहीत? तर नाही म्हटलं की एजन्सी यादीतून नाव काढते, आणि मग ते गेट कायमचं गेलं. म्हणून हा तीन मजल्यांचा मालक पहाटे पाचला घर सोडत होता, दोन बस बदलून खराडीला जात होता आणि कुणाच्या तरी गोदामाच्या शटरकडं बारा तास बघत बसत होता. तीन महिने कळ काढली तर परत गेट मिळेल, ह्या आशेवर. गुडघे सुजले होते म्हणे. मला त्या खुर्चीत बसवेना.

तेवढ्यात आबा आले. रविवारीसुद्धा ड्यूटी. चेहरा पार उतरलेला. मला बघून थबकले. काकूंनी त्यांनाही चहा दिला आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, “म्याडम, तुमी तितंच असता. ती बाई कोन हाय, जरा ठावं करा की.”

खरं सांगायची वेळ हीच होती. आबा बशीतल्या चहाकडं बघत होते. आणि मी, महिन्याची संवेदनशील कर्मचारी, काय बोलले असेन?

“करते चौकशी,” म्हणाले.

आजही हे आठवलं की मी उशीत तोंड खुपसते. खोटं सांगत नाही.

आबा मला फाट्यापर्यंत सोडायला आले. सुजलेल्या गुडघ्यांनी, बारा तासांच्या ड्यूटीनंतर. अर्ध्या वाटेत मला राहवलं नाही. म्हणाले, आबा, ती बाई मीच.

“म्हाईत हाय. सुपरवायझरनं कागद दावला.”

“मग काकूंसमोर बोलला का नाहीत?”

“च्या अर्धा टाकून पळाला असता तुमी.”

मला रडूच आलं. आबांना ते बघवेना, म्हणून त्यांनी विषय बदलला आणि परभणीला मी काय करायचे ते विचारलं. मी म्हणाले, तिथं एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. पुस्तकं लावायची, पोरांना शोधून द्यायची, दुपारी खिडकीशी बसून स्वतः वाचायचं. सोडलं का, तर पगार कमी होता. आणि काम? काम फार आवडायचं, मी म्हणाले. आबा नुसतं ‘हं’ म्हणाले. सिक्स सीटर आली आणि मी बसले.

सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. आधी दोनदा दारापासून परत फिरले, तेही सांगून टाकते. आत जाऊन सगळं कबूल केलं, फ्रेम परत केली. साहेबांना आबांपेक्षा त्या पडद्यावरच्या शेऱ्याचं जास्त वाईट वाटलं. इतकी चांगली केस होती ती, असं तीनदा म्हणाले. माझ्या वर्षाच्या मूल्यमापनात ‘दुसऱ्याचं उत्तर ऐकून घेण्यात कमी पडते’ असं वाक्य आलं, आणि पगारवाढ आली नाही. पण एजन्सीला पत्र गेलं, चूक आमच्याकडून झाली, किसन आबांना मूळ जागी पाठवा म्हणून. ते पत्र मीच लिहिलं आणि ह्या वेळी सही करण्याआधी फोनवर आबांना शब्द न् शब्द वाचून दाखवला.

आठ दिवसांनी सकाळी मागच्या गेटनं आले, तर आबा उभे! शर्ट तोच, दोन मापं मोठा. आंब्याकडं पाठ करून असे ताठ उभे होते की मला वाटलं, चला, एक तरी काम नीट झालं. काकूंनी माझ्यासाठी घेवड्याच्या शेंगा पाठवल्या होत्या, आणि त्या बाईचा पत्ता लागला का, असा निरोपही होता.

मी जायला लागले, तर आबांनी थांबवलं. “म्याडम, आमच्या गावच्या वाचनालयाला मानूस पायजे. तुमचं नाव माज्या मनात आलंय.”

माझं डोकंच सणकलं. म्हणाले, “आबा, अहो मला न विचारता, परस्पर तुम्ही माझ्या नोकरीचं—”

पुढचं वाक्य मी तसंच सोडलं. कुणाला काय बोलतेय, ते माझं मलाच ऐकू आलं होतं.

आबा शांतपणे म्हणाले, “इचारतुयाच की. अजून कुनाला बोललो न्हाई. न इचारता कसं बोलू?”

आता तुम्हाला वाटेल, एवढं सगळं झाल्यावर ह्या बाईला थोडी तरी अक्कल आली असेल. मलाही तसंच वाटत होतं. पुस्तकांची कपाटं डोळ्यांसमोर आली, दुपारची खिडकी आली, जीव अगदी हलका झाला. आणि तोंड उघडलं तर बाहेर काय पडावं?

“पगार किती देतील, आबा?”

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग फाटक उघडलं आणि म्हणाले, “जावा म्याडम आत. तुमाला उशीर हुतोय.”